तीन आठवड्यांत उभा राहिलेला संघ आणि पाचव्या हंगामात आलेला चषक: कॅनबेराच्या आइस हॉकीचं एक प्रकरण

मार्च २०१४. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथल्या 'नाइट्स' या आइस हॉकी संघाच्या मालकाने यंदा संघ उतरवणार नाही असं जाहीर केलं. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होणार होता. खेळाडूंकडे स्केट होते, स्टिक होत्या, वर्षानुवर्षं एकत्र खेळल्याची ओळख होती. पण ज्या संघासाठी खेळायचं तोच राहिला नव्हता.

२०१८चा हिवाळा सरता सरता त्याच शहराने गुडॉल चषक, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आइस हॉकीचा सर्वोच्च मान, इतिहासात पहिल्यांदा जिंकला. जिंकणाऱ्या संघाचं नाव सीबीआर ब्रेव्ह. सिडनी बेअर्सविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि ब्रेव्हने तो ४–३ असा घेतला.

या विजयाबद्दल लिहायचं तर बहुतेक जण शेवटच्या गोलापासून सुरुवात करतील. मला मात्र मार्च २०१४मधल्या त्या तीन आठवड्यांपाशी थांबावंसं वाटतं. चषक मिळवून देणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी तेव्हाच ठरल्या होत्या असं माझं मत आहे. काही गोष्टी मात्र तेव्हा सुटल्या नाहीत आणि चषक आल्यावरही सुटल्या नाहीत. त्यांचंही सांगायला हवं.

उन्हाच्या देशात बर्फावरचा खेळ

हॉकी म्हटलं की आपल्याकडे ध्यानचंद आठवतात, हिरवं मैदान आठवतं. आइस हॉकी वेगळी. बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, म्हणजे रिंकवर, एका वेळी एका बाजूचे सहा जण उतरतात. पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. वेग एवढा असतो की खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून स्केट करतो आणि दम संपायच्या आत बाकावर परततो. त्याच्या जागी दुसरा उडी मारून आत जातो. खेळ न थांबता ही अदलाबदल चालू असते. म्हणून इथे उत्तम सहा खेळाडू असून भागत नाही. वीसेक जणांची फळी लागते आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या माणसालाही सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत तेवढंच पळता यावं लागतं.

ऑस्ट्रेलियात हा खेळ शतकाहून जुना आहे. १९०४मध्ये ॲडलेडला देशातलं पहिलं कृत्रिम बर्फाचं मैदान झालं. १९०६मध्ये मेलबर्नचं ग्लेशियेरियम उघडलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तिथे बाल्टिमोर या अमेरिकी युद्धनौकेवरच्या खलाशांशी सामना झाला. दोन्ही मैदानांमागे हेन्री न्यूमन रीड हा उद्योजक होता. देशातल्या राष्ट्रीय लीगच्या साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला आजही त्याच्या नावाचा करंडक देतात. १९०७मध्ये सिडनीतही बर्फ आला आणि १९०९मध्ये व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स ही दोन राज्यं पहिल्यांदा एकमेकांशी खेळली. त्या आंतरराज्य लढतीला पुढे जॉन गुडॉल या व्हिक्टोरियाच्या खेळाडूच्या नावाचा चषक लाभला.

१९०९ या सालापाशी क्षणभर थांबतो, कारण कॅनबेराच्या गोष्टीत ते दोनदा येतं. १९०१मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य होण्याआधी राजधानी सिडनीत हवी की मेलबर्नला, हा तंटा मिटेना. शेवटी तोड निघाली: राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, पण सिडनीपासून निदान शंभर मैलांवर, आणि ती उभी राहीपर्यंत संसद मेलबर्नला. १९०८मध्ये जागा ठरली आणि १९०९मध्ये ती जमीन केंद्राकडे सोपवायचा कायदा झाला. त्या दोन राज्यांच्या चढाओढीतून एक शहर जन्माला येत होतं, त्याच वर्षी तीच दोन राज्यं बर्फावर झुंजत होती. शहराचं नामकरण १९१३मध्ये झालं, संसद १९२७मध्ये तिथे गेली. गुडॉल चषक मात्र कितीतरी दशकं त्या दोन थोरल्या भावंडांच्या, फार तर इतर राज्यांच्या घरी फिरत राहिला. धाकट्याचा नंबर लागायला २०१८ उजाडलं.

नाइट्सचा संसार

कॅनबेरातलं बर्फ फिलिप नावाच्या उपनगरात आहे. पोहण्याचा उघडा तलाव आणि शेजारी छताखाली रिंक. १९८०च्या सुमाराची साधी इमारत. नाइट्स १९८१मध्ये तिथेच सुरू झाले. २०००मध्ये ऑस्ट्रेलियन आइस हॉकी लीग निघाली तेव्हा त्यात तीनच संघ होते: ॲडलेड ॲव्हलांच, सिडनी बेअर्स आणि कॅनबेरा नाइट्स. म्हणजे आज जी लीग पर्थपासून न्यूकॅसलपर्यंत पसरली आहे, तिच्या पायाच्या तीन दगडांपैकी एक कॅनबेराचा होता.

गुडॉल चषक पुढे या लीगच्या विजेत्याला मिळू लागला आणि इतर संघ जिंकत गेले. बेअर्सनी २००२ आणि २००७मध्ये चषक नेला. न्यूकॅसल नॉर्थ स्टार्स २००३, २००५, २००६, २००८ असे पुन्हा पुन्हा जिंकले. मेलबर्न आइसने २०१०, २०११ आणि २०१२ अशी हॅटट्रिक केली. संस्थापक असूनही नाइट्सच्या वाट्याला एकही चषक आला नाही आणि शेवटच्या वर्षांत तर ते तक्त्याच्या तळाशी होते.

या प्रकरणातला कळीचा मुद्दा मालकीचा. फिलिपची रिंक आणि नाइट्स संघ, दोन्ही एकाच खासगी मालकाचे होते. यात वाईट काही नाही. बर्फ गोठवत ठेवायला विजेचं बिल भरमसाट येतं आणि तो भार वर्षानुवर्षं उचलणारा माणूस होता म्हणूनच कॅनबेरात हा खेळ टिकला, हे मान्य करावंच लागेल. पण अशा व्यवस्थेत सगळं एका खुंटीला टांगलेलं असतं. परवाना, सरावाची वेळ, गणवेश, तिकीटविक्री हे सगळं एकाच माणसाशी बांधलेलं. त्याने एक निर्णय घेतला की बाकी सगळं आपोआप थांबतं. खेळाडू या रचनेत येऊन खेळून जाणारे. निर्णयात त्यांचा हात नाही आणि म्हणून त्यांच्यावर जबाबदारीही नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्या मार्चचं गांभीर्य कळणार नाही. कॅनबेराने आपले संघ जाताना पाहिले होते. फुटबॉलचा कॅनबेरा कॉसमॉस २००१मध्ये राष्ट्रीय लीगमधून गेला. बास्केटबॉलचा कॅनन्स २००३मध्ये विकला गेला आणि न्यूकॅसलला हलला. सरकारी नोकरीसाठी येऊन पुढे दुसरीकडे जाणाऱ्यांचं शहर, अशी कॅनबेराची ओळख बाहेरचे सांगतात. तिथे जन्मलेल्यांना ती टोचते. त्यामुळे नाइट्सही जाणार म्हटल्यावर हळहळून गप्प बसणं ही त्या शहराची सवयीची वाट होती.

तीन आठवडे

खेळाडू गप्प बसले नाहीत. पुढे झालेल्यांत कर्णधार मार्क रुम्मुकायनेन होता. नाव फिनलंडचं, माणूस कॅनबेराचा. इतर संघांत जागा मिळाली असती असे चांगले खेळाडू त्यांच्यात होते. सिडनी रस्त्याने सुमारे २८५ किलोमीटर. शनिवार-रविवार तिकडे जाऊन खेळणं अशक्य नव्हतं. एकेकट्याने तसं केलं असतं तर कोणी बोल लावला नसता. त्यांनी ठरवलं की जायचं नाही, इथेच खेळायचं.

असं ठरवून झाल्यावर काय काय लागतं ते बघा. लीगचा परवाना आधीच्या संघाचा, नवा मिळवायला हवा. त्यासाठी लीगला दाखवावं लागतं की हे लोक सबंध हंगाम पार पाडतील, पर्थला विमानाने जाऊन येतील, अर्ध्यावर हात टेकणार नाहीत. कायदेशीर संस्था हवी, विमा हवा, प्रायोजक हवेत. प्रशिक्षक हवा. परदेशी खेळाडू हवेत आणि ते एप्रिलच्या तोंडावर शोधायचे. गणवेश शिवून घ्यायचे, त्याआधी नाव आणि रंग ठरवायचे. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे बर्फ हवं. शहरात रिंक एकच, ती आधीच्याच मालकाची. म्हणजे ज्यांच्यापासून वेगळं व्हायचं त्यांच्याकडूनच ताशी भाड्याने मैदान मागायचं. यात मानापमान आला असता तर सगळंच फिसकटलं असतं. दोन्ही बाजूंनी व्यवहार शाबूत ठेवला आणि संघ त्याच छपराखाली खेळला, ही बाब मला फार मोलाची वाटते.

स्थानिक व्यावसायिक पुढे आले, चाहत्यांनी खिशात हात घातला, राजधानी प्रदेशाच्या सरकारनेही पाठीशी उभं राहायचं ठरवलं. आपल्याकडे मांडव पडायला आठ दिवस असताना गल्लीतले वर्गणीला निघतात, तशी ही लगबग असणार. लीगनेही दार बंद केलं नाही. तीनेक आठवड्यांत नवा संघ परवान्यासह तयार होता.

नावाबद्दल थोडं. २०१३मध्ये शहराची शंभरी साजरी झाली होती आणि त्याच सुमारास सरकारने शहरासाठी 'सीबीआर' ही नवी ओळख काढली होती. कॅनबेरा विमानतळाचंही तेच संक्षिप्त नाव. सरकारी ओळखी सहसा फलकांवरच राहतात. हॉकीवाल्यांनी ती उचलून गणवेशावर घेतली. नाइट्स हे नाव मालकाच्या संघाचं होतं, नवं नाव शहराचं झालं. प्रेक्षकांनी आरोळी द्यावी अशी तीन अक्षरं शहराला आयती मिळाली.

इथे एक तुलना उपयोगी पडेल. लीगच्या दुसऱ्या संस्थापकावर, ॲडलेड ॲव्हलांचवर, २००८मध्ये हीच पाळी आली होती. पैशांअभावी संघ भर हंगामात बंद पडला, तिथल्या लोकांनी ॲडलेड ए'ज या नावाने उरलेला हंगाम रेटला, पुढे त्याचं ॲडलेड ॲड्रेनलिन झालं आणि पुढच्याच वर्षी, २००९मध्ये, त्यांनी गुडॉल चषक जिंकला. म्हणजे पडलेला संघ खेळाडूंनी उचलणं हे लीगला नवं नव्हतं. पण ॲडलेडकडे ॲव्हलांचचा विजेतेपदांचा वारसा होता. घडी मोडली तरी चांगले खेळाडू शाबूत होते. कॅनबेराकडे तळाच्या संघाचा वारसा होता. त्यामुळे ॲडलेडने एका वर्षात जे केलं त्याला कॅनबेराला पाच हंगाम लागले, आणि मला तो वेग कमी वाटत नाही.

पाच हंगामांत काय बदललं

पहिल्याच वर्षी ब्रेव्ह अंतिम चारांत पोचला. गेल्या वर्षीचा तळाचा संघ, तेच शहर, तीच रिंक, बरेचसे तेच खेळाडू. एवढ्या थोड्या अवधीत कोणाची स्केटिंग सुधारत नाही. मग फरक कशाने पडला?

एक तर प्रेक्षक. फिलिपच्या छोट्या रिंकवर गर्दी उसळू लागली. काचेला नाक लावून लोक उभे राहत. वाचवलेल्या वस्तूवर माणसाचा जीव जडतो. तिकीट काढणाऱ्यातल्या अनेकांना आपण या संघाचे थोडेसे मालक आहोत असं वाटत होतं आणि ते खरंही होतं.

दुसरं, परदेशी खेळाडूंची पारख. ही लीग पूर्ण व्यावसायिक नाही. ऑस्ट्रेलियन खेळाडू आठवडाभर नोकरी-धंदा किंवा कॉलेज करतात, संध्याकाळी सराव करतात, शनिवार-रविवार सामने खेळतात. उत्तर गोलार्धातला हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपतो आणि इथला एप्रिल ते ऑगस्ट चालतो, त्यामुळे कॅनडा, अमेरिका, फिनलंडचे खेळाडू मधल्या महिन्यांत ऑस्ट्रेलियाला येतात. एका सामन्यात प्रत्येक संघाला चारच परदेशी उतरवता येतात. चार म्हणजे मोजकेच, पण या पातळीवर चार चांगले लागले तर सामना फिरतो. पहिल्या हंगामात आलेला कॅनडाचा आक्रमक स्टीफन ब्लंडन पुढच्या वर्षांतही परत येत राहिला. एका उन्हाळ्याची सहल म्हणून येणारा पाहुणा आणि दर वर्षी त्याच माणसांत परतणारा सोबती यांत खूप अंतर आहे. परतणाऱ्याला स्थानिक खेळाडू कुठे पळतील ते ठाऊक असतं, नव्या मुलांना तो सरावात शिकवतो, आणि तो दोन गोल मारून गेला तरी त्याच्यामागे काहीतरी उरतं.

पण पाच हंगामांत मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो स्थानिक फळीचा कस. चार परदेशी वजा केले की पंधरा-सोळा जण उरतात ते इथलेच. नाइट्सच्या शेवटच्या काळात हीच फळी विरळ झाली होती. चांगला तरुण खेळाडू हरणाऱ्या संघात रमत नाही, तो खेळ सोडतो नाहीतर दुसऱ्या शहरात जातो. ब्रेव्ह जिंकू लागल्यावर हे चाक उलटं फिरलं. कॅनबेराचं पोर कॅनबेरातच राहिलं, बाहेरचे चांगले ऑस्ट्रेलियन खेळाडूही यायला राजी झाले. आइस हॉकीत तिसरी-चौथी रांग सामने जिंकून देते असं मी वर म्हटलं ते याचसाठी.

आणि मग दोन पराभव. २०१६च्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलने हरवलं. २०१७च्या अंतिम सामन्यात मेलबर्न आइसने. सलग दोन वर्षं चषक हाताच्या अंतरावरून गेला.

या पराभवांचं एक कारण मला मैदानाच्या मापात दिसतं. फिलिपची रिंक आंतरराष्ट्रीय मापापेक्षा लहान. लहान रिंकवर मोकळी जागा कमी, कडेच्या फळ्यांशी धक्काबुक्की जास्त, पक गोलासमोर चटकन येतो. पाहुण्या संघाला तिथे गुदमरल्यासारखं होतं. घरी हा मोठा फायदा. पण बाद फेरी तेव्हा एकाच आठवड्याअखेरीस, एकाच ठिकाणी होत असे: शनिवारी उपांत्य, रविवारी अंतिम. आणि ते ठिकाण मेलबर्नच्या डॉकलँड्समधलं आइसहाउस, २०१०मध्ये उघडलेलं, ऑलिंपिक मापाचं. तिथे कोपरे दूर असतात, मधला पट्टा मोकळा असतो, पायांत दम लागतो. घरच्या सवयी तिथे तोकड्या पडतात. त्यात सलग दोन दिवस दोन सामने. जो संघ बर्फ मिळेल तेवढ्या तासांत, लहान मैदानावर सराव करतो, त्याला मेलबर्नमध्ये जिंकायचं तर वेगळा खेळ अंगी बाणवावा लागतो. हा माझा तर्क आहे. पराभवाची कारणं नेहमीच अनेक असतात. पण २०१८मध्ये ब्रेव्ह त्याच मैदानावर तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा ती जागा त्याला परकी राहिली नव्हती.

२०१८

त्या वर्षी लीगमध्ये आठ संघ होते: ॲडलेड ॲड्रेनलिन, पर्थ थंडर, न्यूकॅसल नॉर्थ स्टार्स, मेलबर्न आइस, मेलबर्न मस्टँग्ज, सिडनी बेअर्स, सिडनी आइस डॉग्ज आणि सीबीआर ब्रेव्ह. प्रत्येकाला साखळीत २८ सामने. नियमित वेळेत जिंकलं तर तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये, म्हणजे एकेका खेळाडूने फक्त गोलरक्षकासमोर मारायच्या फटक्यांत, जिंकलं तर दोन, तसं हरलं तरी एक.

आकडे वाचताना हंगाम सोपा वाटतो. पण नोकरी करून खेळणाऱ्याच्या बाजूने पाहा. शुक्रवारी कामावरून सुटायचं, सामानाची अवजड पिशवी उचलायची, मेलबर्नच्या दौऱ्यावर असाल तर साडेसहाशे किलोमीटर जायचं, शनिवारी एका संघाशी आणि रविवारी दुसऱ्याशी भिडायचं, रात्री परत निघायचं आणि सोमवारी सकाळी कामावर हजर. पर्थ म्हणजे तर खंडाचं दुसरं टोक. एप्रिल ते ऑगस्ट हे चालतं. या खेळाडूंना पगार नाही, बऱ्याच जणांची साधनंही पदरच्या पैशांची. अशा हंगामात ऑगस्टपर्यंत फळी टिकवणं यालाच कौशल्य म्हणायचं. कोणाला दुखापत होते, कोणाला रजा मिळत नाही, कोणाच्या घरी बाळ येतं. ज्या संघात खेळाडूंना वाटतं की आपण गेलो नाही तर काही अडणार नाही, तो जुलैत विस्कटतो. ब्रेव्हच्या मुळाशी 'आपण नसू तर संघच नसेल' ही आठवण होती. २०१४ची ती माणसं आणि त्यांच्याकडून ते दिवस ऐकलेले नवे, सगळे एकाच खोलीत कपडे बदलत होते.

अंतिम सामन्यात समोर आला सिडनी बेअर्स. लीगच्या तीन संस्थापकांपैकी जो संघ आपल्या मूळ नावानिशी अजून उभा होता तो. तिघांतल्या ॲव्हलांचचं ॲड्रेनलिन झालं होतं, नाइट्सच्या जागी ब्रेव्ह आला होता. म्हणजे २००० साली एकत्र सुरुवात केलेली दोन शहरं अठरा वर्षांनी समोरासमोर होती. एकाकडे दोन चषक, दुसऱ्याकडे शून्य.

साठ मिनिटं संपली तेव्हा फलक ३–३ होता.

अंतिम सामन्यातली जादा वेळ क्रूर असते. पुढचा गोल ज्याचा, चषक त्याचा. सावरायला संधी नाही. दोन वर्षं हरलेल्या संघाच्या मनात त्या विश्रांतीत काय चाललं असेल याचा विचार केला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. अशा वेळी एक वाट असते ती चूक टाळायची, मागे राहून बचाव करायची; आणि बहुतेक वेळा ती वाट हरण्याकडेच जाते. ब्रेव्हने चौथा गोल केला. ४–३.

चषकावर १०९ वर्षांच्या वारशात पहिल्यांदा कॅनबेराचं नाव आलं. शहराच्या दृष्टीने या विजयाचं मोल कळायला दोन आकडे पुरेत. रग्बी लीगमधल्या कॅनबेराच्या रेडर्सनी शेवटचं विजेतेपद १९९४मध्ये जिंकलं होतं, रग्बी युनियनमधल्या इथल्याच ब्रम्बीजनी २००४मध्ये. त्या दोघांमागे मोठमोठी मैदानं, टीव्हीचे करार, पगारी खेळाडू आहेत. ब्रेव्हमागे एक जुनी रिंक आणि वर्गणी होती.

यश कशाचं, आणि काय अजून बाकी

या प्रकरणातून कोणी असा अर्थ काढेल की मालक हटवा, खेळाडूंच्या हाती द्या, चषक येईल. मी तसं म्हणणार नाही. जादा वेळेतला एक गोल इकडचा तिकडे झाला असता तर ब्रेव्ह सलग तीन अंतिम सामने हरलेला संघ म्हणून ओळखला गेला असता. तरीही २०१४चं काम तेवढंच खरं राहिलं असतं. चषक हा पुरावा नाही, पण तो त्या कामाचा मोबदला आहे आणि तो मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे.

माझ्या हिशेबी खरा बदल हा की कॅनबेरातला संघ एका माणसाच्या निर्णयावर अवलंबून राहिला नाही. पुढची कसोटी फार लांब नव्हती. करोनामुळे २०२० आणि २०२१ असे दोन्ही हंगाम रद्द झाले. दोन वर्षं सामने नाहीत, तिकीटविक्री नाही, प्रायोजकांना दाखवायला काही नाही. एका खुंटीवर टांगलेला संघ अशा वेळी सहज गेला असता. ब्रेव्ह टिकला, २०२२मध्ये लीग पुन्हा सुरू झाली आणि त्या वर्षी गुडॉल चषक पुन्हा कॅनबेराला आला. पहिल्या चषकापेक्षा मला हा दुसरा जास्त बोलका वाटतो. पहिल्यात हट्ट होता, दुसऱ्यात घडी बसलेली दिसते.

पण बर्फाचा प्रश्न तसाच राहिला. संघ सामूहिक झाला, मैदान नाही. २०१४मध्ये खेळाडू परवाना मिळवू शकले, पैसा उभा करू शकले, नाव बदलू शकले. रिंक मात्र त्यांना भाड्यानेच घ्यावी लागली, आणि शहरात दुसरी नाही. फिलिपची इमारत चार दशकांहून जुनी, लहान मापाची. तिचं पुढे काय होणार याची टांगती तलवार इथल्या प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर आहे. कॅनबेराच्याच तगरनाँग भागात नवं बर्फकेंद्र उभारायचं ठरलं, पण बर्फाचं मैदान घोषणेपासून खरोखर गोठेपर्यंत वर्षं जातात. दरम्यान त्याच जुन्या छपराखाली, मिळतील त्या तासांत सराव चालतो. सकाळी फिगर स्केटिंगची मुली-मुलं, दुपारी हौशी लोक, मग लहान मुलांची हॉकी, आणि रात्री बर्फ घासून गुळगुळीत केल्यावर, दिवसभर नोकरी करून आलेले गुडॉल चषकाचे विजेते.